लाट जाते, वारा उरतो

१/२४
अकोले तालुक्यातील घाटघर या गावी वर्षाला सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) शहराच्या वाट्याला येतो तो साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर. जिल्हा एकच, मोसमी वाराही एकच. पाऊस मात्र आठ-दहा पटींनी कमी. अशा प्रदेशांच्या पावसाचा आगाऊ अंदाज बांधण्यासाठी १९८०च्या दशकात भारतीय शास्त्रज्ञांनी एका अनपेक्षित ठिकाणी नजर लावली : विषुववृत्तीय पट्ट्यात, जमिनीपासून ३० किलोमीटर उंचीवर वाहणाऱ्या वाऱ्याकडे. तो वारा सुमारे २८ महिन्यांच्या फेऱ्याने आपली दिशा पालटतो आणि त्याला चालवतात हवेतील लाटा. या शोधाचा हा इतिहास.

२/२४
सह्याद्रीची रांग अकोल्यात सर्वांत उंच होते. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर अकोले आणि इगतपुरी तालुक्यांच्या सीमेवर उभे आहे. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा या भिंतीवर चढते, चढताना थंड होते आणि आपल्याजवळचे बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच सांडते. माथा ओलांडून ती पूर्वेला उतरू लागली की तापते आणि ढग विरळ होतात. पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड, पाथर्डी हे तालुके पर्जन्यछायेत येतात ते यामुळे. पावसात मोठा खंड पडला की येथे पेरणी वाया जाते. पाऊस केव्हा आणि किती, हा येथे शतकानुशतके भाकरीचा प्रश्न राहिला आहे.

३/२४
१८७५मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल करून कर्जखते जाळली. इतिहासात या घटनेला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. त्याच वर्षी भारत सरकारने हवामान खाते स्थापन केले. पुढच्याच वर्षी पाऊस हुकला आणि १८७६ ते १८७८ या काळात दख्खनने भीषण दुष्काळ पाहिला. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांच्याकडे सरकारने विचारणा केली : असा दुष्काळ आधी कळू शकेल काय? हिमालयातील बर्फ आणि मोसमी पाऊस यांचा संबंध ब्लॅनफर्ड यांनी मांडला आणि १८८६मध्ये पावसाचा पहिला दीर्घकालीन अंदाज प्रसिद्ध केला.

४/२४
हे शास्त्र अजून कोवळे होते. ब्लॅनफर्ड यांच्यानंतर आलेल्या जॉन एलियट यांना १८९९चा दुष्काळ आधी ओळखता आला नाही. १९०४मध्ये गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर खात्याच्या प्रमुखपदी आले आणि त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबांचे आकडे जुळवून मोसमी पावसाची पूर्वचिन्हे शोधायला सुरुवात केली. इकडे नगर जिल्ह्यात सरकारने दुसरा मार्ग धरला. १९१०मध्ये प्रवरेवर भंडारदरा येथे दगडी धरणाचे काम सुरू झाले आणि १९२६मध्ये ते पूर्ण झाले. पाऊस सांगता येत नसेल, तर निदान घाटमाथ्यावर पडलेला पाऊस साठवावा, हा त्यामागचा हिशेब होता.

५/२४
ब्लॅनफर्ड हिमालयाच्या बर्फाकडे पाहत होते त्याच काळात आकाशाने एक वेगळा पुरावा समोर ठेवला. २७ ऑगस्ट १८८३ रोजी जावा व सुमात्रा या बेटांमधील क्राकाटाओ ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याचा आवाज हजारो किलोमीटरवर ऐकू गेला. राख आणि वायूंचा लोट समताप थरात, म्हणजे वादळ-पावसाच्या थराच्याही वर, जाऊन पोहोचला. नंतरच्या दिवसांत उष्ण कटिबंधातील लोकांना विचित्र रंगाचा सूर्य आणि लालभडक सायंकाळ दिसू लागल्या. कोठे कोणत्या तारखेला हे दृश्य दिसले, याची नोंद जगभरातून जमा झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८८८मध्ये त्यावर मोठा अहवाल प्रसिद्ध केला.

६/२४
तारखा नकाशावर मांडल्या तेव्हा राखेचा प्रवास उलगडला. ती पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत सुमारे दोन आठवड्यांत पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आली होती. म्हणजे ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने. विषुववृत्तावर इतक्या उंचीवर पूर्वेचा वारा वाहतो, असा निष्कर्ष निघाला आणि त्याला ‘क्राकाटाओचे पूर्ववारे’ असे नाव पडले. पुढे १९०८मध्ये जर्मन हवामानशास्त्रज्ञ आर्थर बेर्झोन यांनी पूर्व आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरातून फुगे सोडले. त्यांना उंचावर नेमका उलटा, पश्चिमेकडून येणारा वारा सापडला. दोन्ही नोंदी विश्वासार्ह होत्या आणि एकमेकींशी विसंगत होत्या.

७/२४
जवळजवळ अर्धशतक या विसंगतीवर तात्पुरता पडदा टाकला गेला : पूर्ववाऱ्यांच्या पोटात पश्चिमवाऱ्याची एक अरुंद पट्टी असावी, असे मानून नकाशे काढले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रशांत महासागरातील बेटांवरून नियमितपणे फुगे सोडले जाऊ लागले. तेथे अणुचाचण्या होत असल्याने उंचावरील वारे जाणून घेण्याची निकड वाढली होती. काही वर्षांची अखंड नोंद हाती आली आणि १९६०च्या सुमारास अमेरिकेत रिचर्ड रीड व ब्रिटनमध्ये आर. ए. एब्डन यांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट जाहीर केली : तेथे दोन वारे आहेत आणि ते पाळीपाळीने वाहतात.

८/२४
या घटनेला ‘क्वासी-बायेनियल ऑसिलेशन’, संक्षेपाने ‘क्यूबीओ’ म्हणतात. मराठीत ‘जवळपास द्वैवार्षिक दोलन’ म्हणता येईल. विषुववृत्ताच्या वर साधारण १६ ते ३५ किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात सुमारे वर्षभर पूर्वेचा वारा वाहतो, नंतर सुमारे वर्षभर पश्चिमेचा. पूर्ण फेऱ्याला सरासरी २८ महिने लागतात. नवा वारा नेहमी वरच्या टोकाला जन्मतो आणि महिन्याला सुमारे एक किलोमीटर या गतीने खाली उतरत जुन्याला हुसकावतो. क्राकाटाओची राख पूर्वेच्या पाळीत उडाली, बेर्झोन यांचे फुगे पश्चिमेच्या पाळीत. दोन्ही निरीक्षणे खरी होती. कमी पडला होता तो काळाचा पल्ला.

९/२४
शोध लागला आणि कोडे अधिक गडद झाले. निसर्गातील बहुतेक लयींना एखादे घड्याळ असते. दिवस-रात्र पृथ्वीच्या फिरण्यामुळे होते, ऋतू तिच्या सूर्यप्रदक्षिणेमुळे, भरती-ओहोटी चंद्र-सूर्यामुळे. २८ महिन्यांचे घड्याळ मात्र कोठेही नव्हते. सूर्यावरील डागांचे चक्र सुमारे ११ वर्षांचे. ते जुळत नव्हते. शिवाय हा फेरा दर वेळी सारखाही नसे. कधी तो दोन वर्षांहून लहान भरे, कधी अडीच वर्षांच्या पलीकडे जाई. बाहेरून कोणी ठोका देत असेल, तर ठोका इतका अनियमित कसा?

१०/२४
दुसरी अडचण अधिक मूलभूत होती. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि विषुववृत्तावरील प्रत्येक वस्तू तिच्या अक्षापासून सर्वांत दूर, म्हणून सर्वांत वेगाने फिरते. पश्चिमवारा याचा अर्थ हवा पृथ्वीपेक्षाही पुढे धावते आहे. ही जादा गती उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून आलेल्या हवेने आणावी, तर तिच्याजवळ मुळातच विषुववृत्तापेक्षा कमी फिरती गती असते. कमी शिल्लक असलेल्याकडून जास्त शिल्लक असलेल्याला उसने मिळावे, तसा हा व्यवहार झाला असता. म्हणजे त्या हवेला कोणीतरी जागेवरच पुढे ढकलत असले पाहिजे. ढकलणारा कोण?

११/२४
उत्तराचे धागे त्याआधी शंभर वर्षांहून अधिक काळ विखुरलेले होते. भंडारदऱ्याच्या जलाशयावर एखादे वाळलेले पान तरंगत असल्याची कल्पना करावी. लाट आली की पान वर येते, पुढे सरकते, खाली जाते, मागे येते. लाट निघून जाते आणि पान जागेवरच राहिल्यासारखे वाटते. ब्रिटिश गणितज्ञ जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८४७मध्ये दाखवले की ते अगदी त्याच जागी परतत नाही. लाटेच्या माथ्यावर पुढे जाण्याचा वेग खळग्यातील मागे येण्याच्या वेगापेक्षा किंचित जास्त पडतो. वर्तुळ पुरे होत नाही. प्रत्येक लाटेमागे पान तिच्या दिशेने थोडेसे सरकते. या सरकण्याला आज ‘स्टोक्स प्रवाह’ म्हणतात.

१२/२४
त्याही आधी, १८३१मध्ये, मायकेल फॅरेडे यांनी कंप पावणाऱ्या पत्र्यांवर बारीक भुकटी टाकून पाहिली होती. पत्रा कंपित केला की वाळू स्थिर रेषांवर जाऊन बसते, हे पूर्वीपासून ठाऊक होते. अतिशय हलकी भुकटी मात्र नेमकी उलट, जेथे कंप सर्वाधिक तेथे गोळा होत होती. फॅरेडे यांनी कारण ओळखले : पत्र्याच्या थरथरीने त्यावरील हवेत मंद प्रवाह निर्माण होतात आणि हलकी भुकटी त्यांच्याबरोबर वाहून जाते. सेकंदाला कित्येकदा पुढे-मागे होणाऱ्या हालचालीतून एकाच दिशेने संथ वाहणारी हवा निर्माण होते, याचा हा प्रयोगशाळेतील जुना पुरावा.

१३/२४
या प्रवाहाचे गणित लॉर्ड रेली यांनी १८८४मध्ये, क्राकाटाओच्या स्फोटानंतर वर्षभरातच, प्रसिद्ध केले. काचेच्या नळीत ध्वनिलहर उभी केली की हवा पुढे-मागे हेलकावते. नळीच्या भिंतीलगत ती घासते. आणि त्या घर्षणात हेलकाव्यांची बेरीज शून्य न राहता थोडी बाकी उरते. ती बाकी म्हणजेच नळीतील संथ भोवरे. एकाच काळात एकीकडे रॉयल सोसायटी आकाशातील राखेच्या तारखा जुळवत होती आणि दुसरीकडे रेली नळीतील हवेचे गणित मांडत होते. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध असेल, अशी शंका यायला आणखी आठ दशके जावी लागली.

१४/२४
निर्णायक पाऊल १९६०च्या दशकात पडले. लाट आपल्याबरोबर संवेग, म्हणजे ढकलण्याची शक्यता, वाहून नेते. ती निर्वेध चालत राहिली तर तो संवेग तिच्याजवळच राहतो आणि वाटेतल्या हवेच्या सरासरी वेगात फरक पडत नाही, हे अर्न्ट एलियासेन व एनोक पाम यांनी १९६१मध्ये गणिताने दाखवले. लाट विरते तेथे मात्र हा संवेग हवेला मिळतो आणि हवा वाहू लागते. १९६७मध्ये जॉन बुकर व फ्रान्सिस ब्रेदरटन यांनी लाटेच्या विरण्याची एक खास जागा दाखवली : जेथे वाऱ्याचा वेग लाटेच्या वेगाइतका होतो, त्या थरात ती जवळजवळ पूर्ण शोषली जाते.

१५/२४
हे तत्त्व अकोल्याच्या डोंगरांना लावून पाहता येते. पावसाळ्यात पश्चिमवारा सह्याद्रीवर आदळतो, हवा वर उचलली जाते, पुन्हा खाली येते आणि डोंगराला खिळलेली लाट तयार होते. हवा तिच्यातून वाहत जाते; लाट मात्र जागेवर उभी, तिचा वेग शून्य. मोसमी पश्चिमवारा साधारण सहा किलोमीटर उंचीपर्यंतच असतो आणि त्याच्या वर पूर्वेचा वारा सुरू होतो. त्या पूर्ववाऱ्यातील वेगवान झोत भारतीय शास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८मध्ये मांडला. या दोन वाऱ्यांच्या सीमेवर वाऱ्याचा वेगही शून्य. सिद्धांतानुसार सह्याद्रीची उभी लाट तेथवर पोहोचून शोषली जाते आणि डोंगराने दिलेला अडथळा हवेच्या खात्यात जमा होतो.

१६/२४
डोंगरावरून जाणाऱ्या या हवेचा अभ्यास भारतात याच दशकात सुरू झाला होता. आर. पी. सरकार यांनी १९६६मध्ये पश्चिम घाटावरील पावसाचे गतिकीय प्रारूप प्रसिद्ध केले. किनाऱ्यापासून चढत जाणारा पाऊस घाटमाथ्याजवळ शिगेला पोहोचतो आणि पलीकडे एकदम ओसरतो, हे त्यांच्या गणितातून निघाले. घाटघर आणि नगर यांमधील तफावतीचे हे पहिल्या पिढीतील आधुनिक स्पष्टीकरण म्हणता येईल. सरकार यांचे नाव या कथेत पुन्हा येणार आहे.

१७/२४
समताप थरातील कोडे १९६८मध्ये सुटू लागले. अमेरिकेतील रिचर्ड लिंडझेन व जेम्स होल्टन यांनी असे मांडले : विषुववृत्तावरचे प्रचंड पावसाळी ढग सतत उसळत असतात आणि त्या उसळण्यातून लाटा वर जातात. काही पूर्वेकडे धावतात, काही पश्चिमेकडे. पूर्वेकडे धावणारी लाट पश्चिमवाऱ्याच्या थराजवळ पोहोचली की वेग जुळू लागतो, ती तेथे शोषली जाते आणि त्या थराच्या खालच्या कडेची हवा पूर्वेकडे ढकलली जाते. त्यामुळे पश्चिमवाऱ्याची खालची कडा दर महिन्याला थोडी थोडी खाली सरकते. त्याच वेळी पश्चिमेकडे धावणाऱ्या लाटा या थरातून निर्वेध वर जातात आणि माथ्यावर पूर्ववाऱ्याची पेरणी करतात.

१८/२४
प्रवरेच्या लाभक्षेत्रातील वाचकाला हे कालव्याच्या उदाहरणाने चटकन उमगेल. ‘भंडारदऱ्याचे आवर्तन सुटले’ की कालव्याच्या तोंडाशी असलेली शेते आधी भिजतात. त्यांनीच सारे पाणी घेतले तर शेपटाकडची शेते कोरडी राहतात. लाटांचे कालवे दोन, पूर्वगामी आणि पश्चिमगामी, आणि दोन्ही खालून वर वाहतात. पश्चिमवारा खाली उतरून कालव्याच्या तोंडाशी बसला की पूर्वगामी लाटा तेथेच संपतात. वरच्या थरांना मग पश्चिमगामी लाटांचेच पाणी मिळते आणि तेथे पूर्ववारा वाढू लागतो. तोही उतरत उतरत तोंडाशी येतो आणि पाळी पालटते. २८ महिन्यांचे घड्याळ बाहेर कोठेच नव्हते. काही मिनिटांच्या आणि काही दिवसांच्या लाटांनी ते आपसांत घडवले होते.

१९/२४
आकाशात हे घडते असे म्हणणे सोपे, दाखवणे अवघड. १९७८मध्ये ॲलन प्लम व ए. डी. मॅकइवन यांनी ते ऑस्ट्रेलियातील प्रयोगशाळेत दाखवले. त्यांनी कड्याच्या आकाराचे एक पात्र घेतले आणि त्यात वर कमी खारट, खाली अधिक खारट असे थरांचे पाणी भरले. एका टोकाला लवचीक पडदा बसवून तो केवळ वर-खाली हलवला. हलवण्यात डावे-उजवे असे काहीच नव्हते. तरीही काही वेळाने पात्रातील पाणी एका बाजूने गोल फिरू लागले, नंतर थांबले, उलट फिरू लागले, आणि हा क्रम चालू राहिला. पडद्याच्या एका हेलकाव्याच्या मानाने प्रवाह पालटायला लागणारा काळ कितीतरी मोठा होता. क्यूबीओ काचेच्या भांड्यात अवतरला होता.

२०/२४
आता पुन्हा दख्खनकडे. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८मध्ये शिमल्याहून पुण्याला आले होते आणि १९६२मध्ये पुण्यातच उष्णदेशीय हवामानशास्त्राची स्वतंत्र संस्था उभी राहिली. तेथील एच. एन. भालमे यांनी सहकाऱ्यांसह १९८७मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. जानेवारीत सुमारे ३० किलोमीटर उंचीवर कोणता वारा वाहतो, यावरून पुढच्या पावसाळ्याचा कल सांगता येईल काय, असा त्याचा प्रश्न होता. आधीच्या काही दशकांच्या नोंदींत तसा संबंध दिसत होता. त्याच १९८७ साली पाऊस हुकला आणि देशाने एक मोठा दुष्काळ भोगला. १९७२चा दुष्काळ आठवणीत ताजा असलेल्या महाराष्ट्राला पूर्वसूचनेची किंमत वेगळी सांगावी लागली नाही.

२१/२४
१९८८मध्ये वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली १६ घटकांवर आधारलेले मोसमी पावसाचे नवे प्रारूप पुढे आले. पुण्यात जन्मलेले गोवारीकर अग्निबाणांच्या घन इंधनाचे तज्ज्ञ होते आणि त्या वेळी केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान खात्याचे सचिव होते. त्यांच्या सहलेखकांत घाटावरच्या पावसाचे गणित मांडणारे तेच आर. पी. सरकार होते. १६ घटकांत हिमालयाचे बर्फ होते, वॉकर यांच्या परंपरेतील हवेचे दाब होते, समुद्र व जमिनीची तापमाने होती आणि ३० किलोमीटर उंचीवरील वाराही होता. लाटांनी घडवलेला तो संथ वारा आता नगरच्या बाजरीच्या भवितव्याशी कागदोपत्री जोडला गेला.

२२/२४
१९८८चा पाऊस चांगला झाला, अंदाज खरा ठरला आणि प्रारूपाची कीर्ती झाली. १९८८ ते २००१ अशी सलग १४ वर्षे देशाचा एकूण पाऊस सामान्य पातळीत राहिला. मग २००२ उजाडले. अंदाज सामान्य पावसाचा होता. जुलै महिना जवळपास अर्धा कोरडा गेला आणि हंगामाअखेर देशात सरासरीच्या ८१ टक्केच पाऊस मोजला गेला. फेरतपासणीत आढळले की १६पैकी अनेक घटकांचा पावसाशी असलेला संबंध काळाच्या ओघात क्षीण झाला आहे. २००३पासून खात्याने कमी घटकांची नवी प्रारूपे वापरात आणली. वगळलेल्या घटकांत ३० किलोमीटर उंचीवरचा तो वाराही होता.

२३/२४
वारा कसा निर्माण होतो हे कळणे आणि त्यावरून पाऊस सांगता येणे, या दोन गोष्टींतील अंतर २००२ने दाखवले. पहिले ज्ञान मात्र फुकट गेले नाही. १९८०च्या दशकात हवामानाच्या संगणकीय प्रारूपांत हिवाळ्यातील पश्चिमवारे वाजवीपेक्षा जोरदार निघत. डोंगरांवरील लाटा विरताना वाऱ्याला जो अटकाव करतात, तो १९८६च्या सुमारास गणितात घातल्यावर ही चूक बरीच सुधारली. २०१६च्या आरंभी क्यूबीओनेच सर्वांना चकित केले : पश्चिमवाऱ्याच्या थरात मधेच पूर्ववारा शिरला. सहा दशकांहून अधिक नोंदींत असे कधी दिसले नव्हते. मध्य अक्षांशांतून आलेल्या मोठ्या लाटांनी हा क्रम मोडला, असे अभ्यासातून पुढे आले. २०१९-२० मध्ये असा भंग पुन्हा झाला.

२४/२४
पुण्यातील संस्था आज २०१२मध्ये सुरू झालेल्या मॉन्सून मिशनअंतर्गत समुद्र आणि वातावरण एकत्र जोडणारी प्रारूपे चालवतात. वर जाणाऱ्या लाटांचा हिशेब हा अशा प्रारूपांचा आवश्यक भाग झाला आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजारमध्ये त्याच्याच दुसऱ्या टोकाचे काम चालते : गावात पडलेला पाऊस मोजला जातो, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे येतो आणि त्यानुसार पिके ठरतात. क्राकाटाओपासून २०१६पर्यंतच्या इतिहासात प्रत्येक मोठे पाऊल एकाच सवयीमुळे पडलेले दिसते. कोणीतरी रोजची छोटी नोंद वर्षानुवर्षे ठेवली आणि तिच्या बेरजेत संथ वाहणारे काहीतरी दिसले. पुढचा पावसाळा वाचण्यासाठीही त्याच नोंदी लागणार आहेत, घाटघरच्या आणि नगरच्याही.